वाणात पुस्तकं द्यायची आहेत: सगळ्यांना एकच, की मांडून निवडू द्यायची?

प्रश्न: आमच्या सोसायटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साठ-सत्तर बायका येतात. यंदा प्लास्टिकचे डबे न देता पुस्तकं वाण म्हणून लुटायची असं आमच्यातल्या काहीजणींच्या मनात आहे. सगळ्यांना एकच चांगलं पुस्तक द्यावं, की वेगवेगळी मांडून निवडू द्यावीत? बायका काय बघून निवडतात? आणि फुकट मिळालेलं पुस्तक खरंच कुणी वाचतं का?

उत्तर:

ताई, आधी थेट सांगते. सगळ्यांना एकच पुस्तक देऊ नका. सत्तरजणी येणार असतील तर त्याहून बरीच जास्त पुस्तकं मांडा, त्यांत निदान चाळीस वेगवेगळी शीर्षकं असू द्या आणि प्रत्येकीला आपल्या हातानं उचलू द्या. फुकटचं पुस्तक वाचलं जातं का, हे बरंचसं ते कसं मिळालं यावर ठरतं. ओटीत घातलेलं पुस्तक घरी जाऊन देवघराशेजारच्या फळीवर बसतं. स्वतः उचललेलं पुस्तक निदान एकदा तरी उघडलं जातं, कारण ते का उचललं याचं कारण त्या बाईच्या मनात असतं.

मी बरीच वर्षं मोफत पुस्तकांची टेबलं लावते. संक्रांतीला लावते, गणपतीच्या मांडवात, पालकसभेला, कधी एसटी स्टँडवर. टेबलाच्या जरा बाजूला उभं राहून लोक काय करतात ते बघत राहायचं, हा माझ्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग. त्यातून जे दिसलं ते तुम्हाला सांगते.

बहुतेक बायका पहिलं पुस्तक स्वतःसाठी घेत नाहीत. सातवीतल्या मुलासाठी घेतात, दहावीच्या मुलीसाठी घेतात, इतिहास वाचणाऱ्या नवऱ्यासाठी, दुपारी वेळ जात नाही म्हणणाऱ्या सासूबाईंसाठी. ‘तुमच्यासाठी काय घेतलंत?’ असं विचारलं की ‘मला कुठे वेळ मिळतो वाचायला’ हे उत्तर ठरलेलं. आपल्याकडे फुकट वस्तूवरही बाई स्वतःचा हक्क शेवटी सांगते, याचं मला दर संक्रांतीला वाईट वाटतं. म्हणून आमच्या टेबलावर मी एक नियम केला आणि तो तुम्हीही करा: प्रत्येकीनं दोन पुस्तकं घ्यायची, एक घरासाठी आणि एक स्वतःसाठी. दुसरं कुणालाही द्यायचं नाही. हे मोठ्यानं सांगायचं, पाटीवर लिहायचं आणि निमंत्रणाच्या निरोपातही टाकायचं.

या नियमानं टेबलाचं रूपच बदलतं. घरासाठीचं पुस्तक पटकन उचललं जातं. तिथे बाईला ठाऊक असतं काय हवंय ते. दुसऱ्या पुस्तकाला वेळ लागतो. ती परत पहिल्या टोकाला जाते, एखादं उचलते, ठेवते, मैत्रिणीकडे बघते. हा वेळ तिला मिळू द्या. ‘घ्या ना, काहीही घ्या, सगळी चांगलीच आहेत’ असं कुणी मागून म्हणालं की ती हाताला येईल ते घेऊन निघते. टेबलाशी फक्त एकजण ठेवा आणि तिला सांगून ठेवा की कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

आता निवडतात कशावरून? मला सगळ्यात जास्त दिसलेलं कारण म्हणजे ओळख. ‘हा धडा आम्हाला होता’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की मांडणी करतानाच मी शाळेच्या मराठीच्या पुस्तकांत ज्यांचे उतारे आले आहेत अशा लेखकांची पुस्तकं वेगळी काढते. शाळेत दोन पानं वाचलेली असतात, परीक्षेपुरती. पुढे काय झालं ते वाचायचं राहूनच गेलेलं असतं. चाळिशीतली बाई ते पुस्तक उचलते तेव्हा ती आपली शाळेतली उत्सुकताच पुन्हा हातात घेत असते.

दुसरं कारण गाव. माहेरच्या मुलखाचं नाव मुखपृष्ठावर किंवा मागच्या मजकुरात दिसलं की हात थांबतो. ठाण्यात राहणारी चंद्रपूरची बाई झाडीपट्टीचं नाव वाचून थबकते, पुण्यातली मालवणची बाई कोकणाच्या आठवणी सोडत नाही. तुमच्या सोसायटीत कोणकोणत्या जिल्ह्यांतल्या बायका आहेत हे तुम्हाला पाठ असणार. यादी करताना तेवढं एकदा डोळ्यांसमोरून घाला. अमराठी शेजारणी असतील तर हिंदी, गुजराती, कन्नड पुस्तकंही ठेवाच. आपल्या भाषेचं पुस्तक मराठी हळदीकुंकवात मिळालं की ती शेजारीण पुढच्या वर्षी स्वतःच्या घरची पुस्तकं घेऊन येते, हा माझा अनुभव.

मग येतो टाइप. साठीच्या पुढच्या बाईनं मधलंच पान उघडून पुस्तक हातभर लांब धरलं की समजायचं, ती अक्षर बघतेय. बारीक छपाईचं पुस्तक कितीही उत्तम असलं तरी ती खाली ठेवणार. मोठ्या टाइपाची पुस्तकं एकत्र ठेवून ‘मोठं अक्षर’ अशी चिठ्ठी लावा. तशीच जाडी. तीनशे पानांची कादंबरी फुकट असली तरी तिची किंमत वेळात मोजावी लागते, आणि बायकांना आपल्या वेळेचा हिशोब नीट येतो. ऐंशी ते दीडशे पानांचं पुस्तक, त्यातही सुटी-सुटी प्रकरणं किंवा कथा असलेलं, सगळ्यात लवकर जातं. कुकर होईपर्यंत एक कथा, असं एका बाईनं मला सांगितलं होतं. तेव्हापासून कथासंग्रह मी दुप्पट ठेवते.

चौथं कारण फारसं बोललं जात नाही. काही पुस्तकं बायकांना हवी असतात, पण सगळ्यांदेखत उचलवत नाहीत: रजोनिवृत्तीवरचं, नैराश्यावरचं, घटस्फोटाच्या किंवा वारसाहक्काच्या कायद्याचं, मुलांना लैंगिकतेबद्दल कसं सांगावं यावरचं. मधल्या टेबलावर ही दिवसभर पडून राहतात. हीच पुस्तकं पाण्याच्या पिंपाजवळ किंवा चपलांच्या बाजूला एका लहान स्टुलावर ठेवली की संध्याकाळपर्यंत संपतात. शिवाय वर्तमानपत्राच्या पिशव्या करून ठेवा आणि प्रत्येकीला सरसकट द्या, म्हणजे कुणाच्या पिशवीत काय आहे हे कुणाला दिसत नाही. ताई, बाकी काही जमलं नाही तरी हे स्टूल मात्र ठेवा. तिथली पुस्तकं ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यापर्यंत जातात.

फुकट असल्यामुळे नेमकं काय होतं, हेही सांगते. मराठी कादंबरी आज सहज तीनशे-चारशे रुपयांना जाते. घरखर्चातून ती घ्यायची तर बाईला स्वतःशीच सबब शोधावी लागते, आणि घेऊन आवडली नाही तर पैसे वाया गेल्याची बोच राहते. मग ती घेतेच तर खात्रीचं घेते: स्पर्धा परीक्षेचं, पाककृतींचं, पोथी. मोफत टेबलावर चुकायची भीती नसते. कवितेचं पुस्तक आयुष्यात विकत न घेतलेली बाई इथे ते उचलून बघते. अनुवाद उचलते, बाईनं लिहिलेलं आत्मचरित्र उचलते. बायकांच्या आत्मचरित्रांचा हा प्रकार मराठीत शंभर वर्षांहून जुना आहे आणि स्वतःसाठीच्या पुस्तकात तो सतत निवडला जातो. दुसऱ्या बाईनं आपलं आयुष्य कसं निभावलं हे वाचायची ओढ फार खोल आहे.

तुमच्यातली कुणीतरी म्हणेलच, ‘फुकट दिलं की किंमत राहत नाही, दहा रुपये तरी घ्या.’ हा आक्षेप मी नेहमी ऐकते. पुस्तकांवरचा नसला तरी इथे उपयोगी पडणारा एक चांगला अभ्यास आहे. केनियात गरोदर बायकांना मच्छरदाण्या फुकट द्याव्यात की थोडी किंमत घ्यावी, हे जेसिका कोहेन आणि पास्कलीन डुपास यांनी तपासलं. तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. थोडीशी किंमत लावल्याबरोबर घेणाऱ्यांचं प्रमाण कोसळलं. आणि फुकट घेणाऱ्या बायका मच्छरदाणी वापरण्यात पैसे देणाऱ्यांपेक्षा मागे नव्हत्या. मच्छरदाणी म्हणजे पुस्तक नव्हे, मान्य. पण दहा रुपयांमुळे गळतात त्या बायका कोण असतात, याचा विचार करा. तुमच्याकडे धुणंभांडी करायला येणारी ताई, वॉचमनची बायको. त्यांनाही बोलावणार आहात ना? बोलवा.

निवडीबद्दल मी एवढ्या ठामपणे बोलते त्यामागे माझं बघणं आहे, तसाच बाहेरचा अनुभवही आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये मार्गारेट मॅकनमारा या बाई शाळेतल्या मुलांना वाचायला शिकवत असत. पुस्तक स्वतःच्या मालकीचं झालं की मुलांचं वाचनाशी नातं बदलतं, हे त्यांना तिथे दिसलं आणि १९६६ मध्ये त्यांनी ‘रीडिंग इज फंडामेंटल’ ही संस्था काढली. मुलानं पुस्तक स्वतः निवडायचं आणि ते त्याच्याकडेच राहायचं, हा तिच्या कामाचा गाभा. पुढे रिचर्ड ॲलिंग्टन, ॲन मॅकगिल-फ्रँझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांमधल्या १७ शाळांत हे मोजून पाहिलं. ओळीनं तीन उन्हाळी सुट्ट्यांमध्ये मुलांना प्रत्येक सुट्टीसाठी १२ पुस्तकं मोफत दिली, आणि ती मुलांनीच निवडायची होती. पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा या मुलांचे वाचनाचे गुण चांगले आले. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण स्पष्ट होता, आणि सगळ्यात गरीब मुलांमध्ये तो जास्त होता. मुलांनी उचललेली पुस्तकं शिक्षकांनी निवडली असती अशी नव्हती. त्या वेळच्या लोकप्रिय कलाकारांवरची, मालिकांवरची पुस्तकंही त्यांत होती. तुमच्या टेबलावरही कुणी हलकंफुलकं काही घेतलं तर चेहऱ्यावर काही उमटू देऊ नका. त्यातूनच ती पुढच्या वर्षी दुसरीकडे वळते.

एकच पुस्तक अनेकांना देण्याची पद्धत सगळीकडे फसते असंही नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ५ मार्च २०११ रोजी पहिली ‘वर्ल्ड बुक नाइट’ झाली. २५ शीर्षकांची यादी होती आणि सुमारे वीस हजार वाचकांनी प्रत्येकी ४८ प्रती वाटल्या. पण तिथे देणाऱ्यानं स्वतःला मनापासून आवडलेलं पुस्तक यादीतून निवडलेलं होतं आणि घेणाऱ्याला ते का आवडलं हे तो सांगू शकत होता. ही गोष्ट आपण उचलू शकतो. तुमच्यातल्या ज्यांनी जी पुस्तकं वाचली आहेत त्यांत वहीचा कपटा घालून दोन ओळी लिहा: ‘माझ्या आईच्या आजारपणात मला याचा आधार झाला. बी विंग, दुसरा मजला.’ नाव लिहायची गरज नाही. अशी चिठ्ठी असलेलं पुस्तक बाजूच्या पुस्तकाच्या आधी जातं. मलपृष्ठावर समीक्षकानं काय लिहिलंय त्यापेक्षा शेजारणीचं म्हणणं बायकांना जास्त मोलाचं वाटतं, आणि त्यात काही गैर नाही.

आता पुस्तकं आणायची कुठून. डब्याच्या वाणाला माणशी चाळीस-पन्नास रुपये धरत असाल तर तेवढ्यात दोन नवी पुस्तकं बसणार नाहीत. म्हणून अर्धी नवी, अर्धी घरोघरची. नवी घेताना महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशनं आधी बघा. १९६० पासूनच्या या मंडळानं चरित्रं, लोकसाहित्य, इतिहास, विज्ञान असं खूप काही छापलं आहे, किमती खासगी प्रकाशकांपेक्षा पुष्कळ कमी असतात आणि मुंबई, पुणे, नागपूर इथल्या शासकीय ग्रंथागारांत ती मिळतात. मंडळाची बरीच पुस्तकं संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात, तेही बायकांना सांगा. मुलांसाठी नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स. प्रथमच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीतही गोष्टी मोफत वाचता येतात, त्याचा क्यूआर कोड छापून टेबलावर चिकटवा. डिसेंबरात पुण्याजवळ असाल तर फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून पुणे पुस्तक महोत्सव भरतो, नाहीतर तुमच्या जिल्ह्याचा ग्रंथोत्सव कधी आहे ते विचारा. दोन्हीकडे सवलत मिळते आणि पुस्तकं हाताळून घेता येतात.

घरोघरची पुस्तकं गोळा करताना मात्र कठोर व्हा. ‘पुस्तकं द्या’ एवढंच सांगितलंत तर माळ्यावरचं सगळं खाली येईल. जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, वाळवी लागलेले गठ्ठे, तीन भागांतला फक्त दुसरा भाग, कंपन्यांच्या डायऱ्या. हे सगळं रद्दीत घाला, टेबलावर आणू नका. पिवळ्या पडलेल्या पानांचं चालेल, पण बुरशीचा वास आला की ते पुस्तक बाहेर काढा, कारण तो वास शेजारच्या पुस्तकांनाही लागतो. मला विचाराल तर कसोटी एकच: हे पुस्तक मी माझ्या बहिणीला तिच्या वाढदिवसाला द्यायला कचरेन का? कचरत असाल तर ते वाण नाही. घरगुती उपायांनी कॅन्सर बरा करण्याचा दावा करणारी पुस्तकं तर अजिबात नकोत. फुकट म्हणून घेतलेल्या अशा पुस्तकावर विसंबून कुणी औषध बंद केलं तर त्याची भरपाई नाही. दिवाळी अंक ठेवा. ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ मध्ये सुरू केलेली ही प्रथा आपल्या बायकांच्या वाचनाचा केवढा मोठा भाग आहे, आणि गेल्या दिवाळीचे अंक संक्रांतीपर्यंत बहुतेक घरांत वाचून झालेले असतात. ते हातोहात जातात.

मांडणी साधी. पुस्तकं आडवी ठेवा, मुखपृष्ठ वर. कण्याकडून रांगेत लावली तर फक्त सराईत वाचक थांबतात, बाकीच्या पुढे जातात. मुलांची पुस्तकं खाली चटईवर. फारसं वाचता न येणाऱ्या बायकाही येतील, त्यांच्यासाठी मोठ्या चित्रांची पुस्तकं ठेवा आणि ती ‘लहान मुलांची’ अशी पाटी लावून वेगळी काढू नका. पुस्तकावर तुमच्या महिला मंडळाचा शिक्का, नगरसेवकाचा फोटो किंवा ‘मोफत’ असं काही छापू नका. घरी नेल्यावर ते पुस्तक त्या बाईचं आहे. पहिल्या पानावर तिचं नाव घालायला जागा कोरी असू द्या आणि टेबलावर दोन पेनं ठेवा. पुष्कळजणी तिथेच उभ्या राहून नाव घालतात.

आणि ज्यांना हळदीकुंकवाला बोलावलं जात नाही त्यांना या वेळी बोलवा. माझ्या टेबलांवरच्या सगळ्यात भुकेल्या वाचक म्हणजे विधवा आणि एकट्या राहणाऱ्या वयस्कर बायका. संध्याकाळ मोठी असते, घर रिकामं असतं. कुंकू लावायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवता येईल, पण पुस्तक घ्यायला सौभाग्याची अट कशासाठी? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तो आदर्श घ्यावा असं परिपत्रक काढलं. एका गावाला जे जमलं ते एका सोसायटीला जमायला हवं. निमंत्रणात ‘सुवासिनी’ हा शब्दच घालू नका. ‘सर्व मैत्रिणींना’ एवढं पुरे. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना फोनवर निरोप पाठवून भागणार नाही, कुणीतरी स्वतः जाऊन त्यांना घेऊन यावं. इतकी वर्षं न बोलावलेली बाई नुसत्या निरोपावर येत नाही.

त्या दिवशी जवळच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनाही बोलवा, सभासदत्वाचे फॉर्म घेऊन. राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अनुदानावर चालणारी हजारो वाचनालयं आहेत आणि तिथल्या वर्गण्या अजूनही आवाक्यातल्या आहेत. मोफत पुस्तकं दोनच असतात, ती संपल्यावर पुढचं कुठून आणायचं हा प्रश्न त्याच आठवड्यात येतो.

नंतर कुणाला ‘वाचलंत का?’ असं विचारू नका. ते परीक्षेसारखं वाटतं आणि पुढच्या वर्षी ती बाई टेबलाकडे येताना बिचकते. त्याऐवजी त्याच दिवशी, पुस्तक पिशवीत घालताना, हसत विचारा: ‘कुणासाठी घेतलंत?’ उत्तर वहीत नोंदवा, नावाशिवाय. ‘सासूबाई, मोठं अक्षर.’ ‘मुलगा, नववी, क्रिकेट.’ ‘स्वतःसाठी, कविता.’ पुढच्या संक्रांतीची खरेदी या वहीवरून करायची. कोणती पुस्तकं उरली हेही त्यातच लिहा. दोन वर्षं उरलेलं शीर्षक तुम्हाला कितीही प्रिय असलं तरी तिसऱ्यांदा मांडू नका.

उरलेली पुस्तकं रथसप्तमीनंतर जवळच्या पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत द्या. देताना वर्गशिक्षिकेशी बोलून वर्गातच दोरी बांधून त्यावर ती टांगायला सांगा. कार्यालयातल्या कुलपाच्या कपाटात गेली तर मुलांच्या हाताला लागत नाहीत.